शेंदऱ्याची घंटी

आधी शेंदऱ्या गेला, मागोमाग हरण्याही गेला. पौषात गुरांवर बुळकांडी आली ती गावातले निम्मे गोठे रिकामे करून गेली. हणमंतप्पाच्या गोठ्यात दोन दावी राहिली. बाहेर लिंबाखाली धुरा जमिनीला टेकवून गाडी राहिली.

हणमंतप्पा गाडीवान. बापही गाडीवानच होता. कळंबच्या अडतीवरची पोती ढोकीच्या टेशनावर न्यायची आणि येताना मीठ, गूळ, कापडाच्या गाठी आणायच्या, एवढंच त्याचं जगणं. पोती भरताना तो कुणाला जवळ येऊ द्यायचा नाही. जड पोती मागं, हलकी पुढं. गाडी जराशी मागं झुकती ठेवायची, म्हणजे जू बैलाच्या मानेवर नुसतं टेकतं, बसत नाही. बाकीच्यांच्या बैलांच्या खांद्याला गाठी यायच्या, आवाळू धरायचं. शेंदऱ्या-हरण्याची मान मात्र शेवटपर्यंत मऊ होती. कीर्तनात बुवा मुक्या जिवांच्या दयेवर आले की बायकांत बसलेली रुद्रम्मा हळूच पुरुषांच्या बाजूला बघायची. आपल्या नवऱ्याचंच चाललंय, असं तिला वाटायचं.

बैल गेल्यावर महिनाभर हणमंतप्पा गाडीजवळ बसून राहिला. चाकांना वंगण घालायचा. कुठं जायचं नसलेल्या गाडीला वंगण कशाला, असं रुद्रम्माच्या ओठावर यायचं.

मग कळंबच्या बसवराज अडत्याचं बोलावणं आलं.

बसवराजनं लढाई लागायच्या आधी एक लॉरी घेतली होती. आता पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून सोलापूरहून तिच्या बगलेला कोळशाची टाकी बसवून आणली होती. कोळशाच्या धुरावर लॉरी चालायची, पण दमेकऱ्यासारखी. सपाटीला बरी, चढ आला की धापा टाकायची.

"बैल न्हाईत तुज्याकडं, पर गाडी हाय," बसवराज गादीवरूनच म्हणाला. "माज्याकडं लॉरी हाय, पर जागा कमी पडती. लॉरीच्या मागं गाडी जोडू. पोती तूच भरायची, गाडीवर तूच बसायचं. काय हणमंत्या?"

बैल होते तोवर हाच बसवराज त्याला हणमंतप्पा म्हणायचा. वयानं धाकटा होता. हणमंतप्पानं ते ऐकलं आणि गिळलं.

"चालंल, मालक," तो म्हणाला. "गाडी रस्त्याला लागली म्हंजी झालं."

गुंडप्पा लोहारानं गाडीची लाकडी चाकं काढली, मोडक्या मोटारीचा आख आणि रबरी चाकं बसवली. धुरेच्या टोकाला, जिथं जू बांधायचं तिथं, लोखंडी कडी ठोकली. ती लॉरीच्या मागच्या आकड्यात अडकायची.

"अप्पा, भार पुढं दे बरं," गुंडप्पा भाता थांबवून म्हणाला. "मागं जड झालं की कडी वर उचलती."

"अरं, जल्म गेला माजा पोती भरण्यात."

"बैलाची गोष्ट येगळी. हितं कुणाची मान दुखतीय? लोखंडाची?"

दोघंही हसले. हणमंतप्पानं मान हलवली, ऐकलं असंही वाटलं. पण दुसऱ्या दिवशी अडतीवर पोतं पाठीवर आलं तेव्हा डोक्याला विचारायला हात थांबले नाहीत. जड मागं, हलकं पुढं. कडी आकड्यात सैल टेकली, शेंदऱ्याच्या मानेवर जू टेकायचं तशी. ते बघून त्याला बरं वाटलं.

लॉरीवर बब्रुवान नावाचा ड्रायव्हर होता, ढोकीचाच. पंचविशीतला, बाप नसलेला, आईला धरून असलेला. मनानं सरळ. पहिल्याच खेपेला तो खाली उतरला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "अप्पा, आधी बगू ही किती पळती आन किती झेपती. उगं अंगावर यायची."

कळंबच्या बाहेर रस्ता सरळ आहे. हणमंतप्पा गाडीच्या पुढच्या बाजूला पोत्यांवर मांडी घालून बसला. मांडीत काठोकाठ पाण्यानं भरलेला तांब्या धरला. ही युक्ती त्याचीच. नवा बैल जोडला की त्याची चाल तो अशीच बघायचा.

बब्रुवाननं वेगाचा काटा दहावर नेला. पाणी थरथरलं, सांडलं नाही. बारावर नेला. पंधरावर नेला. तांब्याच्या काठाला पाणी लागलं आणि परत गेलं.

"पंधरा!" बब्रुवान खिडकीतून ओरडला. "कसं हाय?"

"लई झाक!"

काटा अठरावर गेला आणि हणमंतप्पाच्या बुडाखाली काहीतरी सरकलं. गाडीचं शेपूट डावीकडं गेलं, उजवीकडं आलं, पुन्हा डावीकडं गेलं. पाणी धोतरावर सांडलं. तो ओरडला, पण लॉरीच्या खडखडाटात ते कुणाला ऐकू जाणार? बब्रुवाननं आरशात बघितलं तेव्हा कुठं वेग आला खाली.

लॉरी थांबली. बब्रुवान मागं आला, गाडीच्या फळीवर हात ठेवून उभा राहिला.

"पंधराला शानी हाय. अठराला शेपूट हलवती. कामून, ते आपल्याला कळत न्हाय. तर अप्पा, ठरलं. काटा पंधराच्या पुढं न्हाय. उतार असू दे न्हाय तर सपाटी."

"शपत?"

"आईची शपत. पर तुमी ओरडलेलं मला ऐकू येत न्हाय. तेवढं काय तर करा."

दुसऱ्या दिवशी हणमंतप्पानं घरून शेंदऱ्याच्या गळ्यातली घंटी आणली. पितळेची, मुठीएवढी. ती बब्रुवानच्या डोक्यावर लॉरीच्या टपाला आतून टांगली. तिची दोरी मागच्या झरोक्यातून काढून गाडीपर्यंत आणली आणि आपल्या मनगटाला गुंडाळली. गाडी हलायला लागली की दोरी ओढायची, घंटी वाजली की बब्रुवाननं दम धरायचा.

"बैल गेला, पर घंटी चालतीच हाय," बब्रुवान म्हणाला. हणमंतप्पाला ते आवडलं. घरी जाऊन त्यानं ते रुद्रम्माला सांगितलं. तिनं डोळ्याला पदर लावला.

फाल्गुन असा गेला. करडईची पोती कळंबहून ढोकीला जात राहिली. गाडी पंधरानं चालायची. तिला काही होत नव्हतं, पण लॉरीला व्हायचं.

ढोकीच्या अलीकडं एक ओढा आहे. रस्ता लांब उतारानं ओढ्यावरच्या फरशीपुलावर येतो आणि पलीकडं तसाच चढतो. नुसती लॉरी असायची तेव्हा बब्रुवान उतारावर तिला मोकळी सोडायचा. त्या जोरावर ती पलीकडचा चढ चढून जायची. आता मागं गाडी. पंधरानं उतरलं की चढाच्या मध्यावर लॉरीचा दम सुटायचा. मग हणमंतप्पानं उतरायचं, चाकामागं दगड लावायचा. कोळसा खालीवर करून, पंखा फिरवून जाळ पेटवायचा, मग रेटायचं. हणमंतप्पाच्या पायाची नखं फुटली. खांद्यावरची कातडी सोलून तिथं गाठ आली.

"बैलाला येऊ दिली न्हाय, ती तुमाला आली," रुद्रम्मा हळद लावताना म्हणायची.

वाटसरू थांबून बघायचे. एकदा जुनाच एक गाडीवान बैलगाडी घेऊन शेजारून चढून गेला, आणि वर जाऊन वळून म्हणाला, "हणमंतप्पा, आता तुमच्या मानेला कुनी जपायचं?"

बसवराजला चढाचं काही नव्हतं, टेशनावरची गाडी चुकण्याचं होतं. पोती रेल्वेच्या डब्यात चढली नाहीत की ती फलाटावर उन्हात पडायची. दोनदा असं झालं. तिसऱ्यांदा तो स्वतःच लॉरीत येऊन बसला. त्या दिवशी त्याच्या 'पळव, पळव'पायी वाटेत घंटी चारपाच वेळा वाजली. ढोकीला पोचल्यावर तो सगळ्या हमालांसमोर म्हणाला, "हणमंत्या, लॉरी माजी हाय का तुज्या मेलेल्या बैलाची? त्याची घंटी वाजली की आमी थांबायचं!"

हमाल हसले. हणमंतप्पाही हसल्यासारखं हसला.

चैत्र लागला. चैत्रात तेरला गोरोबाकाकांच्या देवळात कीर्तनं होतात. रुद्रम्मानं लग्न झाल्यापासून ती चुकवली नव्हती. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, तरी टाळ वाजला की तिचे पाय तिकडं वळायचे. दोघं आपल्याच गाडीतून जायची. शेंदऱ्या-हरण्या देवळामागं चिंचेखाली रवंथ करायचे, आणि ही दोघं आत मांडीला मांडी लावून बसलेल्या गर्दीत विरघळून जायची. बुवा एका चरणाभोवती किती फिरायचे! हसवायचे, खरडपट्टी काढायचे, मध्येच असा एक सूर लावायचे की पाठीमागची म्हातारी माणसंसुद्धा कंबर सरळ करायची. टाळ थांबला तरी माणसांच्या आत तो वाजत राहायचा. त्या पुंजीवर रुद्रम्माचं वर्ष निघायचं.

यंदा ती काही बोलली नव्हती. हणमंतप्पाच म्हणाला, "उद्या खेप हाय. गाडीवर बस. ढोकीतनं तेर किती लांब हाय? म्या पोती उतरवून संगट येतो. दुपारचं कीर्तन घावंल."

 तिनं रात्रीच भाकरी बांधून ठेवली, धुतलेलं लुगडं उशाला घेऊन निजली.

सकाळी कोळसाच पेटेना. रात्री कुणीतरी कोळशाच्या पोत्यावर पाणी सांडलं होतं. बब्रुवान टाकीत तोंड घालून फुंकत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी आणि नाकातून काजळी येत होती. बसवराज येरझाऱ्या घालत होता. रुद्रम्मा लुगड्याचा ओचा सावरून सावलीच्या तुकड्याबरोबर सरकत होती. लॉरी पेटली तेव्हा ऊन डोक्यावर यायला आलं होतं.

हणमंतप्पानं पोती भरली. नेहमीसारखीच. रुद्रम्माला त्यानं अगदी मागं, शेपटावर बसवलं. तिथं कोळशाचा धूर येत नाही, धुतलेलं लुगडं काळं होणार नाही. तिच्या पाठीशी एक पोतं आडवं लावून दिलं.

"नीट बसली ना?"

"सिव्हासनावर बसवलंय की," ती म्हणाली. पुष्कळ दिवसांनी हसली.

बसवराज लॉरीत चढता चढता थांबला. त्यानं रुद्रम्माकडं बघितलं, मग हणमंतप्पाच्या मनगटावरच्या दोरीकडं बघितलं.

"आज बायकूबी का? बरं. पर ध्यानात ठिव. आज टेशनाची गाडी चुकली तर माजं नाक कापलं जाईल. आज घंटी वाजली, की वाजली तिथंच तुजी गाडी सोडून जाईन. बायकूसकट. मंग उद्यापासनं लिंबाखाली बसून वंगण घालीत जा."

हणमंतप्पा बब्रुवानकडं बघायला लागला. बब्रुवाननं डोळा बारीक करून हळूच सांगितलं, "तुमी भिऊ नगा अप्पा. घंटी वाजली की म्या दम धरनार. मालक कायबी म्हनू द्या."

लॉरी निघाली. सपाटीला ती पंधरानंच चालली. मग बसवराज काहीतरी बोलला असावा, कारण झाडं जरा भराभर मागं जायला लागली. गाडीचं शेपूट थोडं हललं आणि थांबलं. हणमंतप्पाच्या मनगटावर दोरी होती. त्यानं ती ओढली नाही. थांबलं की, मग कशाला ओढायची?

मागून रुद्रम्मा म्हणाली, "अवं, ही लई हलतीय."

"बस नीट. कीर्तन घावायचंय ना?"

"व्हय, पर..."

"मंग बस."

उतार आला. लॉरी मोकळी सुटली. वारा कानात शिरला. पोत्यांखालून एक घरघर सुरू झाली. शेपूट डावीकडं गेलं, उजवीकडं गेलं. हणमंतप्पानं दोरी मुठीत घेतली. आता ओढावी. ओढली की घंटी वाजेल आणि लॉरी दम धरेल. मग चढाच्या मध्यावर थांबेल, टेशनाची गाडी चुकेल, बसवराज खाली उतरेल आणि आकडा काढेल. भर रस्त्यात, रुद्रम्मासमोर. आणि लिंबाखाली धुरा टेकलेली गाडी त्याला दिसली.

ओढ्यापर्यंतच तर आहे, त्याला वाटलं. चढ लागला की आपसूक हळू होईल.

"अवं, दोरी वडा!" रुद्रम्मा ओरडली. "दोरी वडा!"

मूठ तशीच राहिली.

शेपूट आता एका बाजूचं परत येईपर्यंत दुसऱ्या बाजूला जास्त जात होतं. चवताळलेल्या बैलानं मान झटकावी तशी कडी आकड्यात वर उसळली. तेव्हा त्यानं दोरी ओढली. घंटी वाजली असेल, नसेल. त्याच क्षणी गाडी आडवी झाली, आभाळ फिरलं आणि करडईची पोती एकामागून एक फुटत फरशीवर आली.

तो उठला तेव्हा तोंडात करडई होती. मनगटाला तुटलेली दोरी होती. गाडी उलटी पडली होती, एक चाक अजून फिरत होतं. फळीखालून धुतलेल्या लुगड्याचा काठ दिसत होता.

बब्रुवान धावत आला. त्यानं आणि हणमंतप्पानं गाडी उचलली. रुद्रम्मा जिवंत होती. उजवा पाय गुडघ्याखाली पाय राहिला नव्हता. ती ओरडत नव्हती. नवऱ्याच्या मनगटाकडं बघत होती.

ढोकीहून पोलिसाचा जमादार आला. करडईवर बूट करकर वाजवत फिरला.

"कौन हांक रहा था?"

"ह्यो," बसवराज म्हणाला. त्याच्या कपाळाला खोक पडली होती, ती तो उपरण्यानं दाबत होता. "लई पळवली, साहेब. म्या सांगतोय हळू घे, हळू घे. मागनं घंटी वाजतीय, तरी ऐकंना."

बब्रुवान एकदम वळला. "मालक, काय बोलता? सोड, सोड कोण म्हनत व्हतं? आन घंटी वाजलीच न्हाय! वाजली असती तर म्या... घंटी वाजलीच न्हाय साहेब! आईची शपत, एकडाव शेवटाला टण झालं, ते बी गाडी पडताना."

जमादार हणमंतप्पासमोर येऊन उभा राहिला.

"क्या रे बुढे, रस्सी तेरे हाथ में थी. खींचा था कि नै?"

हणमंतप्पानं मनगटाकडं बघितलं. बसवराजकडं बघितलं. बब्रुवानकडं मात्र बघितलं नाही. रुद्रम्मा रस्त्याकडंच्या बाभळीखाली पोत्यांवर निजवली होती, डोळे उघडे होते.

"बोल!"

"वडली व्हती, साहेब," तो म्हणाला. "लई येळा वडली."

 बब्रुवाननं फक्त "अप्पा" म्हटलं, हाक मारल्यासारखं. मग शिपायानं त्याचा हात धरला.

धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात रुद्रम्माचा पाय कापला. ती घरी आली तेव्हा ज्येष्ठाचं ऊन पेटलं होतं. बसवराजनं नवा ड्रायव्हर ठेवला आणि मागं गाडी जोडायचं सोडलं. हणमंतप्पाच्या गाडीची फुटलेली फळकुटं त्यानं एका बैलगाडीतून पाठवून दिली. रबरी चाकं ठेवून घेतली. गाडीवानानं दारात फळकुटं टाकली आणि म्हणाला, "मालकानं सांगितलंय, चुलीला व्हतील." ती चुलीला झालीही. धुरा तेवढी शेवटपर्यंत जळेना, नुसती धुमसत राहिली.

गुंडप्पा लोहार एकदा येऊन बसला. म्हणाला, "कडी आकड्यातनं वर उसळून निगालीय. मोडली न्हाय. भार मागं व्हता, अप्पा."

"व्हय," हणमंतप्पा म्हणाला. रुद्रम्मा आतून ऐकत होती.

बब्रुवानला सजा झाली. किती झाली ते गावात नीट कुणालाच कळलं नाही. एका दिवशी तिसऱ्या प्रहरी त्याची आई सिताबाई दारात आली. ढोकीहून उन्हातून चालत आली होती. ओटीवर बसली, पाणी प्याली, आणि पदराची गाठ सोडून पितळेची घंटी बाहेर काढली.

"लॉरीतनं काढली व्हती त्यानं, शिपाई न्यायच्या आदी. भेटायला गेले तवा म्हनला, अप्पाच्या बैलाची हाय, तेंची तेंना दे."  तिनं घंटी दोन्ही हातांत घट्ट धरली. "अप्पा, म्या भांडायला आले न्हाय. निस्तं इचारते. तुमी खरंच दोरी वडली व्हती का? त्यो रातभर हेच घोकतोय म्हनं. वडली असंल आन आपल्यालाच ऐकू आली नसंल, तर आपुन पापी, म्हनतो."

हणमंतप्पा उंबऱ्याकडं बघत राहिला. आतल्या खाटेची कुरकुर झाली आणि थांबली.

"वडली व्हती, बाई," तो म्हणाला.

सिताबाईनं मान हलवली. "मंग बहिरंच की माजं पोर," ती म्हणाली. घंटी ओटीवर ठेवून उठली आणि जोड्यावरची धूळ न झटकता निघून गेली.

हणमंतप्पा घंटीला हात लावीना. बराच वेळ ती ओटीवर तशीच पडून होती. मग आतून रुद्रम्माचा आवाज आला.

"हिकडं आना ती."

त्यानं नेऊन दिली. तिनं ती पदरानं पुसली. खाटेच्या उशाला, दोरी हाताला येईल अशी बांधायला लावली.

"मला आता उठता येत न्हाय," ती म्हणाली. "काय लागलं की वाजवीन."

त्या दिवसापासून घरात घंटी वाजायला लागली. पाण्यासाठी वाजायची. कुशीवर वळवायला वाजायची. परसाकडं उचलून न्यायला वाजायची. हणमंतप्पा गोठ्यात असो, विहिरीवर असो, घंटी वाजली की हातातलं टाकून धावायचा. ती कधी जास्त वाजवायची नाही. एकदाच ओढायची. काम झालं की "ऱ्हावू द्या" म्हणायची. पायाबद्दल बोलायची नाही, बब्रुवानबद्दल बोलायची नाही. तेरबद्दल तर नाहीच.

श्रावणात गावातल्या मारुतीच्या देवळात बुवा आले. संध्याकाळी टाळ सुरू झाला. वारं तिकडूनच होतं, त्यामुळं शब्द न् शब्द घरात येत होता. बुवा चिखल तुडवणाऱ्या कुंभाराची कथा सांगत होते. नामात रंगलेला बाप आणि त्याच्या पायाखाली आलेलं लेकरू. मग ते लेकरू देवानं उठवलं, आईच्या कुशीत धावत आलं, आणि देवळातली सगळी माणसं एका आवाजात नाम घ्यायला लागली.

ओटीवर हणमंतप्पाच्या गालांवरून पाणी चाललं होतं. त्याला वाटलं, आत जावं. तिला पाठीवर घ्यावं, देवळाच्या पायरीवर नेऊन बसवावं. तिथं सगळ्यांच्या देखत तिला, बुवांना, कुणालाही सांगून टाकावं. तो उठायला लागला.

आत घंटी वाजली.

तो लगबगीनं आत गेला. रुद्रम्मा आढ्याकडं बघत पडली होती. दोरी तिच्या मुठीत होती.

"काय पायजे? पानी देऊ? देवळात नेऊ का तुला?"

"काय नगं," ती म्हणाली. बाहेर टाळ अजून चालूच होता. "वडल्यावर वाजती का, तेवढं बगितलं."

तिनं दोरी सोडली आणि भिंतीकडं तोंड केलं.